परमिट परत

"फिरवा," सुंदरराव म्हणाले.

योगिताने पॅनलवरच्या स्विचची मूठ धरली होती, पण मनगट वळत नव्हते. घाटनांदूरच्या अलीकडच्या त्या छोट्या सबस्टेशनात तिचा हा पाचवा महिना. बाकी सगळे तिला येत होते. दर तासाचे रीडिंग ती वेळेवर घ्यायची. रजिस्टरातले तिचे अक्षर इतके नेटके, की तपासणीला आलेले साहेबही कौतुक करून गेले होते. लाइन बंद करा म्हटले की क्षणात करायची. चालू करायची म्हटली की हात दगड व्हायचा.

इथले जुने ऑपरेटर असलेल्या सुंदररावांनी थोडी वाट पाहिली, तिला बाजूला व्हायला सांगितले आणि मूठ फिरवली. खटका वाजला. योगिताने डोळे मिटून घेतले होते.

ही नोकरी तिला नवऱ्याच्या जागी मिळाली होती. लखन लाइनमन होता. दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या सबस्टेशनाच्या हद्दीत, दोघे जण दोन खांबांवर चढले होते. एकाने खाली उतरून फोनवर परमिट परत केले; म्हणजे काम झाले, माणसे उतरली, वीज सोडा, असे कळवले. लखन अजून वर होता.

सुंदरराव लखनला ओळखत होते. म्हणून सुरुवातीला त्यांनी मन लावून शिकवले, बंद पॅनलवर सराव करून घेतला. उपयोग होईना, तेव्हा सोपा मार्ग धरला. तिच्या पाळीत लाइन चालू करायची वेळ आली की ते शेजारच्या क्वार्टरमधून यायचे आणि मूठ फिरवून जायचे. रजिस्टरात सही तिची. जेवणावरून उठावे लागे. एकदा अंगात ताप असताना यावे लागले, तेव्हा ते बोलून गेले, "लखन एकदाच गेला, बाई. तुमी मला रोज मारू लागलात."  ती रीडिंग लिहीत राहिली.

वैशाखात त्यांच्या पत्नीचे, रुक्मिणीबाईंचे डोळ्याचे ऑपरेशन ठरले आणि सुंदरराव अंबाजोगाईला गेले. नेमके त्याच दुपारी सिदू लाइनमनने लाइन बंद करवून कामाचे परमिट घेतले. पाऊण तासात काम उरकून त्याने ते फोनवर परत केले. योगिताने विचारले, बरोबर कोण होते? सटवा, हेल्पर. तो कुठे आहे? गेला असेल कुठेतरी, सिदू म्हणाला. तेव्हा तिने सांगितले, दोघांनी इथे येऊन तोंड दाखवा, मगच लाइन सुरू करते.

सोळा किलोमीटर यायचे म्हणून सिदू भडकला. सटवा काम संपताच जवळच्या सासरवाडीला गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. इकडे वीज गेलेल्या गावातून फोनवर फोन. साहेबांनी तालुक्याहून दुसरा ऑपरेटर पाठवतो म्हणून धमकावले. शेवटी सुंदररावांनी दवाखान्याच्या जिन्यात उभे राहून तिला फोन लावला.

"योगिताबाई, सिदू खोटं बोलायचा न्हाई. चालू करा."

"लखनच्या वेळी बी फोनवर असंच सांगितलं व्हतं, काका. सगळे खाली हाईत म्हणून."

 आतून नर्सने हाक मारली आणि त्यांनी फोन ठेवला.

अडीच तासांनी सिदू सटव्याला मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. योगिताने दारात उभे राहून दोघांना नीट पाहिले. मग आत गेली आणि मूठ फिरवली. पहिल्यांदाच, आपल्या हाताने.

तोवर उशीर झाला होता. त्या गावात वत्सलाबाई नावाची म्हातारी घरी ऑक्सिजनच्या मशीनवर होती. वीज येईना म्हणून तिला जीपमध्ये घालून निघाले होते. अंबाजोगाई यायच्या आत ती गेली.

दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा माणसे घेऊन आला. सकाळीच अंबाजोगाईहून परतलेल्या सुंदररावांनी दार लावायला सांगितले, पण योगिता बाहेर जाऊन उभी राहिली. "लाइन मीच बंद ठेवली," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा दोष न्हाई."

तो मारायच्या तयारीने आला होता. पण "माय मशीनकडं बोट करीत व्हती," एवढेच म्हणाला आणि पायरीवर बसून रडू लागला. योगिता हलली नाही.

साहेबांनी सुंदररावांकडून लेखी अहवाल मागितला. योगिता एकटीने पाळी सांभाळू शकते की नाही? रजिस्टरातल्या पाच महिन्यांच्या सह्या खोट्या होत्या, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते. त्यांनी लिहिले: सांभाळू शकत नाहीत. पाठवण्याआधी कागद तिच्यापुढे ठेवला.

तिने तो सावकाश वाचला. "तारीख चुकली, काका," ती म्हणाली. "ती बुधवारची गोष्ट हाय." त्यांनी तारीख खोडून दुरुस्त केली.

तिला तालुक्याच्या कार्यालयात शिपाई म्हणून पाठवले. तिच्या जागी आष्टीकडून युवराज नावाचा ऑपरेटर आला. हाताने चपळ, फोन खाली ठेवायच्या आत लाइन चालू करायचा.

पंधरा दिवसांनी, सुंदररावांची पाळी संपता संपता सिदूचा फोन आला. त्यांनी लाइन बंद केली, परमिटचा नंबर दिला, रजिस्टरात लिहिले.

"आता पाळी कुणाची हाय?" सिदूने विचारले.

"युवराजची. मी निघालो."



"तुमी थांबा की, काका," सिदू म्हणाला. "मी खाली उतरेस्तोर."

सुंदररावांनी पायातल्या चपला काढल्या, खुर्ची पॅनलपाशी ओढली आणि मुठीसमोर बसून राहिले.