गाडीचं रडणं

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी गाडी रडायला लागली, आणि देवकाबाईनं तिथल्या तिथं निकाल देऊन टाकला. पायगुण! नव्या सुनेचा पाय घराला लागला आणि इतकी वर्षं मुकाट चालणारी गाडी वळण आलं की कुईंऽऽ करून गळा काढू लागली. दुसरं काय कारण असणार?

गाडी म्हणजे मागं उघडी पेटी असलेली जुनी मोटार. बेल्लमपल्लीचे मिस्त्री तिला पिकअप म्हणत. दुसऱ्या मोठ्या लढाईनंतर एका जंगल ठेकेदारानं काढून टाकली, ती देवकाबाईच्या नवऱ्यानं, म्हणजे नागोरावच्या बापानं घेतली आणि तो तिच्यातून वांकिडीची वांगी-टमाटे कोळशाच्या खाणीवरच्या बाजारात न्यायला लागला. बाप गेला, गाडी नागोरावच्या हाती आली. हाती आली म्हणायचं आपलं. स्टेरिंग तेवढं त्याच्या हाती. काय भरायचं, कुठं जायचं, कुणाला बसवायचं, हे देवकाबाई ओट्यावर बसून ठरवणार. चांगला दांडगा बाप्या, चिखलात रुतलेली गाडी खांद्यानं रेटून काढील, पण आईसमोर शेळी. मला तर असल्या माणसांचा भारी राग येतो.

सून राजुऱ्याची. कुसुम. सोयरीक जुळली तेव्हा राजुरा आणि वांकिडी एकाच आदिलाबाद जिल्ह्यात होती. मग राज्यांची वाटणी झाली. राजुरा मराठी मुलखात गेलं, वांकिडी इकडं आंध्रात राहिली. अक्षता पडल्या तेव्हा नवरी एका राज्याची आणि नवरदेव दुसऱ्या राज्याचा. याच गाडीतून वरात परतताना नव्या नाक्यावर अडवली. शिपायानं नवरीची पेटी उघडायला लावली. आत काय, चार लुगडी, एक आरसा आणि मायनं बांधून दिलेली करंज्यांची पुरचुंडी. सगळ्या वऱ्हाडासमोर त्यानं ते उलटंपालटं केलं. देवकाबाईचा पारा तिथंच चढला. नाका सरकारनं बसवला, बोल मात्र सुनेला.

“तिकडच्या राज्याचं मानूस आनलं बापा घरात,” ती येईल त्याला सांगायची. “उंबऱ्यात पाय ठेवला न् गाडी रडाले लागली.”

पहिल्या आठवड्यात नागोराव कुसुमला घेऊन आसिफाबादच्या बाजाराला निघाला. वळणावर गाडीनं कुईं केलं. कुसुम कान देऊन ऐकत राहिली. पुढच्या वळणावर म्हणाली, “खालतून नाई वाजत जी. वरतून वाजते. तुमच्या हातापासून.”

नागोराव खो खो हसला. “बायाले गाडीतलं काय समजते वं? गप बस.”

ती गप बसली. आणि हा शहाणा घरी येऊन गाडीखाली शिरला. चाकांच्या सांध्यांत ग्रीस भरलं, आडव्या दांड्यांचे बोल्ट आवळले, स्प्रिंगच्या पाट्यांत तेल सोडलं. पण पहिल्याच वळणावर पुन्हा कुईं. त्यातच टायर फुटलं. पाठोपाठ म्हशीनं दूध चोरलं. पावसात नाक्यावर गाडी अडकून राहिली आणि टमाट्यांचा लगदा झाला. एकेक गोष्ट देवकाबाई कुसुमच्या पदरात टाकत गेली. कुसुम चुलीपुढं बसली तर म्हणायची, “जाळ नीट लागत नाई आजकाल.” पोरगी वाळायला लागली. नागोरावला ते दिसत होतं. दिसत होतं आणि तो जेवून हात धुऊन गाडीखाली जात होता.

आखाड लागला. नव्या सुनेनं आखाडात माहेरी जायचं असतं, म्हणून राजुऱ्याहून भाऊ येऊन कुसुमला घेऊन गेला. आखाड सरला की नवऱ्यानं आणायला जायचं, ही रीत. पण देवकाबाईनं रीतच वाकवली.

“गाडीचं रडनं थांबलं, की मंगच तिले आनजो. तोवर नाई.”

“बरं माय,” नागोराव म्हणाला.

बरं माय! बायको आणायची की नाही हे आता एका कुरकुरीवर ठरणार होतं, आणि या पठ्ठ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याला वाटलं, चला, आवाज शोधला की झालं. आईशी भांडण्यापेक्षा लोखंडाशी झटणं सोपं.

नागपंचमी गेली. राखीपुनव गेली. गल्लीतल्या सगळ्या सुना परत आल्या. राजुऱ्याहून निरोप आला, पोरगी वाट पाहून राहिली. नागोराव बेल्लमपल्लीला केशवराव मिस्त्रीकडं गेला. मिस्त्रीनं पुढची चाकं उचलून धरली, स्टेरिंगची खालची दातेरी चाकांची पेटी उघडून पाहिली, घासूनपुसून लावली. आवाज तसाच. मिस्त्रीनं डोकं खाजवलं.

“नागोराव, स्टेरिंगची ही दांडी पोकळ हाय. आवाज एकीकडं होते, ऐकू दुसरीकडं येते. खालचा सांधा सोड, मंग नुसतं स्टेरिंग फिरव. वाजलं तं समज, खाली कायी नाई. मंग लांब पेचकस घे, त्याची मूठ कानाले लाव, टोक दांडीले. जिथं जोरात ऐकू येईन, तिथं चोर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नागोरावनं निंबाखाली गाडी लावली आणि खालचा सांधा सोडला. स्टेरिंग फिरवलं. कुईं. म्हणजे इतके दिवस तो ज्या लोखंडाला तेल पाजत होता, त्याचा या रडण्याशी काडीचा संबंध नव्हता. त्यानं पेचकस कानाला लावला आणि टोक दांडीवर ठेवून एका हातानं स्टेरिंग हलवत वर वर सरकत आला. पायांशी बारीक. गुडघ्याशी मोठा. अगदी वर, जिथं स्टेरिंगचं चाक दांडीवर बसतं तिथं कानात खिळा ठोकल्यागत आवाज आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

त्यानं चाकाच्या पोटाखाली बोटं घातली. तिथं एक तार गुंडाळलेली होती. ती त्याला रोज लागायची, पण हॉर्नची तार समजून त्यानं कधी तिकडं पाहिलंच नव्हतं. आता वाकून पाहिलं. हॉर्नची तार वेगळीच होती. ही कोणीतरी बांधलेली होती. चाक फिरलं की तिचं टोक खालच्या नळीच्या काठावर घासत होतं. पकडीनं ओढून काढली, तर तारेत ओवलेला बिब्बा निघाला, वाळलेली मिरची निघाली, आणि हे सगळं ज्यात बांधलं होतं ती हिरव्या काठाची चिंधी निघाली.

काठ त्यानं ओळखला. मायच्या जुन्या लुगड्याचा. त्याच लुगड्याची गोधडी तो पांघरत होता.

नजर लागू नये म्हणून लोक गाडीला बिब्बा बांधतात, पण तो पुढं, सगळ्यांना दिसेल असा. हा लपवून बांधलेला होता. कुणाची नजर लागू नये म्हणून, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. लाज वाटली त्याला. रागही आला, खरंच आला. ओट्यावर देवकाबाई शेंगा सोलत होती. पंधरा पावलं जायचं आणि बिब्बा तिच्या सुपात टाकायचा, एवढंच काम होतं.

त्यानं बिब्बा खिशात टाकला.

“सापडलं का रे?” देवकाबाईनं विचारलं.

“हो माय. खालचा एक बोल्ट ढिला होता.”

“मंग जाय, आन तिले,” ती म्हणाली. पुन्हा शेंगा सोलू लागली.

राजुऱ्याला कुसुम दारातच उभी होती. पेटी भरलेली, डोक्यावर पदर. तिच्या मायनं ओटी भरली, भावानं पेटी गाडीत चढवली. ती नागोरावच्या शेजारी बसली, तशी तिच्या तोंडावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. नागोरावनं अंगणातच गाडी वळवली. हूं नाही की चूं नाही.

“बंद झालं?” तिनं विचारलं. “कायनं वाजत होतं जी?”

“खालचा एक बोल्ट ढिला होता.”

कुसुमचं हसू गेलं. तिनं हात पुढं केला, स्टेरिंगच्या पोटाखाली बोटं घातली आणि चाचपून पाहिलं.

“मंग इथचा बिब्बा कुठं गेला?”

नागोरावनं गाडी थांबवली.

“वरात मारोतीच्या देवळापाशी थांबली होती. तुमी पाया पडाले उतरले. आत्याबाईनं माह्या डोयासमोर बांधला. म्हने, नव्या मानसाचा पाय कसा असते, कोनाले मालूम. म्या तुमाले पयल्याच आठवड्यात सांगतलं, वरतून वाजते. तुमी हासले. म्हनलं ठीक हाय, सापडन तवा तरी घरात बोलतीन. आता सापडला, तं मलेच बोल्ट सांगून राह्यले?”

नागोरावचा हात खिशावर गेला.

“मायले सांगतलं?” तिनं विचारलं.

त्यानं मान खाली घातली.

कुसुम खाली उतरली. मागं जाऊन तिनं पेटी स्वतःच ओढून काढली. भाऊ धावत आला, त्याला तिनं हातानं थांबवलं.

“गाडी बोलाची थांबली, पन तुमीबी मुकेच,” ती म्हणाली. “जवा हा बिब्बा आत्याबाईसमोर ठेवसान, तवा या मले न्याले. मी येईन. एका पायावर येईन.”

वाटेत नाक्यावर शिपायानं विचारलं, “अकेले?” नागोरावनं गाडी पुढं काढली. वाटभर त्यानं मनात वाक्य जुळवलं. माय, हे तुह्यं. यानंच गाडी रडत होती. कुसुमचा यात काई दोष नाई. मोठ्यानं म्हणून पाहिलं, दोनदा. जमत होतं. वांकिडी दिसायला लागली तेव्हा त्याचा हात खिशात होता आणि बिब्बा मुठीत होता.

देवकाबाई ओट्यावरच होती. शेजारची मालनबाईही येऊन बसली होती, सून परत येते का पाहायला. गाडी अंगणात वळली, आवाज न करता. शेजारची जागा रिकामी पाहून देवकाबाई उठून उभी राहिली.

“नाई आली?”

“नाई,” नागोराव म्हणाला. मूठ खिशातून निम्मी बाहेर आली.

देवकाबाई मालनबाईकडं वळली. तिचा चेहरा उजळला होता.

“पाह्य! मी काय म्हनत होती? ती गेली न् गाडी सुदरली. सुंठीवाचून खोकला गेला. तिचाच पायगुन होता, आता तरी पटलं का लोकाले?” मग ती लेकाकडं वळली. “सांग रे नागो, खरं हाय का नाई?”

मालनबाई त्याच्याकडं बघत होती. माय त्याच्याकडं बघत होती. बिब्बा तळहातात रुतत होता.

“हो माय,” नागोराव म्हणाला.