सापडेल त्याची जागा

डोंगरात हरवलेल्यांना शोधणाऱ्या पथकात माझी सून आहे. गेल्या खेपेला ती उतारावरून घसरली आणि खांदा निखळून घरी आली. जुनी सॅकही फाटली. खांदा बरा झाल्यावर तिने नव्या सॅकचा विषय काढला, तेव्हा माझ्या लेकाने पेपरात तोंड खुपसलं. नंतर स्वयंपाकघरात येऊन मला म्हणतो, तूच सांग तिला, आता पुरे. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला या घरात मीच सापडते.

सरळ सांगून ती ऐकणारी नव्हे. म्हणून मी म्हटलं, सॅक माझ्याकडून, पण पसंत मी करणार. लहानशी घ्यायची, म्हणजे शोधाचं सामान तीत मावणार नाही; मग ती हौसेने कितीही भटको, शोधाला जाणार नाही, असा माझा बेत होता.

दुकानदार सज्जन होता. त्याने आधी तिची पाठ मोजली, मग कमरेचा पट्टा आवळून दाखवला. ओझं खांद्यावर नाही, कमरेवर बसलं पाहिजे म्हणाला. ते ऐकून मला जरा बरं वाटलं. सून मात्र घरून सगळं सामानच घेऊन आली होती. मी पुढे केलेल्या निळ्या सॅकमध्ये तिने दोर, टॉर्च, पाणी, रेनकोट भरला आणि सॅक गच्च झाली. काउंटरवर ब्लँकेट, कोरडं जॅकेट, पाण्याची दुसरी बाटली आणि लोकरी मोज्यांचे जोड उरले. त्यातला एक जोड अगदी चिमुकला होता.

मी म्हटलं, बाई गं, तुला पाय तरी किती? ती हसली. ते सामान तिचं नव्हतंच. जो सापडेल त्याचं होतं. मोठा असेल की लहान, आधी कुठे कळतं, म्हणाली.

मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. माझा बेत तिने केव्हाच ओळखला असावा.

"हीच घेऊ, आई," ती म्हणाली. "मी गेले की तुम्ही दोघं झोपत नाही, मला माहीत आहे."

आणि रुसवा-फुगवा काही न करता उरलेलं सामान ती पिशवीत परत ठेवू लागली.

मी जिंकले होते. पण ते मोजे पिशवीत जाताना मला बघवेना. मी ते तिच्या हातातून घेतले आणि दुकानदाराला मोठी सॅक काढायला सांगितली.

"आई, भीती नाही वाटणार?"

"वाटेल की. पण डोंगराखाली कुणाची तरी आई माझ्यासारखीच जीव मुठीत धरून बसलेली असते. तिच्याकडे पाठवायला कोणी नसतं. माझ्याकडे तू आहेस."