नखांखालचा रंग

फोन वाजला आणि रूथीच्या तोंडाशी नेलेला लापशीचा चमचा डेलफिनच्या हातात तसाच थांबला. अमोस मोरीपाशी भांडी विसळत होता. तो उभा राहिला की त्या स्वयंपाकघरातली खिडकी दिसेनाशी व्हायची. त्याने हात बनियनला पुसले आणि फोनकडे वाकून पाहिलं.

"आई आहे."

डेलफिनने चमचा बाळाच्या तोंडात घातला आणि फोन घेतला. "आई, आज कुणी फोन करायचा नाही असं ठरलं होतं ना?"

"मी कुठे करतेय? फोन आला का एवढंच विचारतेय," मिसिसिपीहून सासूबाई म्हणाल्या.

"तुमचाच आला."

"बरं बाई, ठेवते. आला की कळव. नाही आला तरी कळव."

अमेरिकन फुटबॉलमध्ये ऑगस्टअखेरच्या एका ठरलेल्या दिवशी प्रत्येक संघ जास्तीचे खेळाडू कमी करतो. चार वाजेपर्यंत फोन वाजला नाही, तर माणूस संघात राहिला. म्हणून फुटबॉलवाल्यांच्या घरात त्या दिवशी आजारपण असल्यासारखे सगळे हळू बोलतात. डेलफिन हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकली होती. दुसरं शिकली ते म्हणजे सामानाची खोकी टाकून द्यायची नाहीत. टॅम्पा, डेट्रॉइट, सिॲटल आणि आता क्लीव्हलंड. जिथे जातील तिथे खोकी चपटी करून सोफ्यामागे उभी. या वेळी मात्र तिने बैठकीच्या खिडकीला पिवळे पडदे शिवून लावले होते. का लावले ते तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"पडदे छान दिसतात," अमोस एकाएकी म्हणाला. लावून महिना झाला होता.

पुढचा फोन संघाचाच होता. "हो सर. हो. निघालोच," एवढंच तो बोलला. मग टेबलावरचा संघाचा टॅब त्याने काखेत मारला. संघाचे सगळे डाव त्यात असतात. तो घेऊन या म्हटलं की पुढचं काही विचारायचं उरत नाही.

परत आला तेव्हा हातात कचऱ्याची काळी पिशवी होती आणि तिच्यात बूट, हातमोजे, एक टॉवेल.

"काय म्हणाले?"

"नेहमीचंच. माणूस सोन्यासारखा आहेस म्हणाले."

"सोनं कुणी असं पिशवीत भरून देतं का?"

तो हसला. "जागा एकच होती, डेल. ते नवं पोरगं वाऱ्यासारखं पळतं. मी असतो तर मीही त्यालाच ठेवलं असतं." पिशवी दाराआड ठेवून त्याने रूथीला उचललं. "बास झालं आता. घरी जाऊ. भाऊ कधीचा म्हणतोय, ये गॅरेजवर. तुलाही तेच हवंय ना?"

तेच तर हवं होतं. हे वाक्य ऐकायला ती कधीची थांबली होती. पण आता ते ऐकलं, आणि घाईत शिवलेल्या बाहीसारखं कुठेतरी काचू लागलं. अमोस बाळाला घेऊन मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. ती खरकटं पुसत राहिली.

गेल्या आठवड्यात बफेलोच्या संघाशी सराव सामना झाला, तेव्हा ती रूथीला घेऊन स्टेडियममध्ये बसली होती. सगळे बॉल बघतात. ती बॉल कधीच बघत नसे. अमोस पुढच्या फळीत मधोमध, जमिनीला हात टेकून वाकलेला. समोरचे दोन गडी एकट्याने अडवून धरायचे, हे त्याचं काम. ते अडकले की मागचा कुणीतरी मोकळा सुटतो, बॉलवाल्याला आडवा करतो आणि स्टेडियम त्याच्या नावाने उठतं. अमोस तेव्हा ढिगाऱ्याखालून उठत असतो, एकेकाला हात देत. इतक्या वर्षांत कर्ण्यावरून त्याचं नाव क्वचितच आलं, आणि एकदा तर त्याने पाडलेला गडी दुसऱ्याच्या नावावर पुकारला गेला. त्या रात्री त्याने घरी येऊन त्या दुसऱ्याचं तोंडभरून कौतुक केलं होतं.

लग्नानंतर एकदा स्वयंपाकघराच्या फरशीवर ओणवं होऊन त्याने तिला शिकवलं होतं. "चेहरा बघायचा नाही. चेहरा थापा मारतो. टेकलेल्या हाताची नखं बघ. पांढरी पडली असतील तर भार हातावर आहे, गडी पुढे येणार. गुलाबी असतील तर मागे सरणार." पीठ मळता मळता ती खो-खो हसली होती.

फोन पुन्हा वाजला. नंबर अनोळखी.

"मिसेस टिल्मन? मी वॉल्टर कोझलोव्स्की, बफेलोचा सेंटर. गेल्या आठवड्यात तुमच्या नवऱ्याच्या समोर होतो. अजून बरगडी दुखतेय."

"तो घरी असलं काही सांगत नाही."

"सांगणारच नाही तो. आज इतके लोक सुटले, त्यातल्या कुणाला घेऊ असं कोचनी मला विचारलं. मी म्हटलं, ज्याच्यासमोर मला परत उभं राहायचं नाही त्याला घ्या. ऑफिसातून फोन येईलच. उद्या सकाळी मैदानावर हवाय. पण त्याआधी एक विचारायचं होतं. तो खेळणार आहे ना अजून?"

जाळीच्या दारातून तिला अमोसची पाठ दिसत होती. खांद्यावर रूथी झोपली होती, तिचं डोकं त्याच्या एका तळव्यात मावलेलं. "नाही" हा शब्द तिच्या जिभेवर आला. कुणाला कधी कळलंही नसतं.

"थांबा हं जरा," ती म्हणाली.

बाहेर जाऊन ती त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसली, एक हात पायरीच्या फळीवर टेकून, आणि दुसऱ्या हाताने फोन पुढे केला. "बफेलोचा कोझलोव्स्की आहे. उद्या सकाळी बोलावतायत."

त्याने फोन घेतला नाही. "आपलं घरी जायचं ठरलंय."

"हो. ठरलंय."

"मग? तुझं काय म्हणणं आहे?"

"मी कुठे काय म्हणतेय?" ती हसली, अगदी सहज.

अमोस तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता. तो खाली, फळीवर टेकलेल्या तिच्या हाताकडे बघत होता. बराच वेळ. नखं दुधासारखी पांढरी पडली होती.

त्याने झोपलेली रूथी अलगद तिच्या खांद्यावर सरकवली आणि फोन कानाला लावला.

"हां, बोल रे कोझ," तो म्हणाला. "आधी मला एक सांग. तिकडे घरांना खिडक्या केवढ्या असतात? आमच्याकडे पडदे आहेत."