टक्क्याची खूण

धाकट्याने फाइलीतल्या एका ओळीच्या पुढ्यात टक्क्याची खूण (%) ठोकली आणि संगणकाला सगळा प्रबंध पुन्हा जुळवायला लावला. या वेळी संगणकाने कुरकुर केली नाही. पानं पडद्यावर साफ उतरली.

एवढ्याशा खुणेतून त्याला काय मिळणार होतं, याचा हिशेब त्याने आधीच करून ठेवला होता. दुपारी विद्यापीठातल्या विभागप्रमुख बाई त्याचं प्रात्यक्षिक पाहायला येणार होत्या. संशोधक विद्यार्थ्यांनी आपले प्रबंध साध्या मजकुराच्या फाइलींत लिहावेत, एकेक प्रकरण एकेका फाइलीत, आणि ती सगळी ओवून घेणारी एक मुख्य फाइल, हे शिकवायला एक माणूस नेमायचा होता. त्या माणसाला खिडकीची खोली होती, दारावर पाटी होती, आणि ‘अजून हंगामीच का रे?’ या घरातल्या प्रश्नातून कायमची सुटका होती. नमुना म्हणून धाकट्याने वहिनींचा प्रबंध घेतला होता. स्वतःचा दाखवायचा तर तो प्रस्तावनेच्या पुढे सरकला नव्हता.

वहिनी परिचारिकांच्या शाळेत शिकवायच्या. पाळी बदलताना एक बाई दुसरीच्या हाती रुग्ण कसा सोपवते, काय सांगते आणि काय गिळते, यावर त्यांनी घर आणि नोकरी ओढत अभ्यास केला होता. चौथं प्रकरण वॉर्डात झाडलोट करणाऱ्या आयांच्या मुलाखतींचं होतं. त्यातलं एक कोष्टक पानात मावत नव्हतं आणि त्यापायी सगळा प्रबंध अडून बसला होता. मुख्य फाइलीत त्या प्रकरणाला बोलावणारी एकच ओळ होती. ओळीपुढे खूण ठेवली की संगणक ती ओळ वाचतच नाही, आणि ती वाचली नाही तर प्रकरण येत नाही.

“तात्पुरतं,” धाकटा पुटपुटला. तात्पुरत्या गोष्टी किती टिकतात, हे निदान हंगामी माणसाला तरी ठाऊक हवं होतं.

प्रमुख बाई खूश झाल्या. धाकटा शीळ घालत घरी आला. वहिनी चष्मा पुसत वाटच पाहत होत्या.

“भाऊजी, उद्या प्रती द्यायचा शेवटचा दिवस. छपाईला देण्याआधी एकदा चाळू का मी?”

“आता काय चाळायचं, वहिनी? पानांचे आकडे, अनुक्रमणिका, सगळं आपोआप होतं. उगाच डोळे फोडू नका.”

“अगं, सोड त्याच्यावर,” दादा आतून म्हणाला. “जन्मात पहिल्यांदा काम करतोय, नजर लावू नकोस.”

“तुम्ही म्हणता तर,” वहिनी म्हणाल्या आणि चष्मा घडी करून ठेवला.

धाकट्याने तोच फोल्डर छपाईवाल्याकडे नेला. बांधलेल्या प्रती परस्पर विद्यापीठात गेल्या. तोंडी परीक्षेची तयारी वहिनींनी आपल्या जुन्या, पेन्सिलीने रंगवलेल्या कच्च्या खर्ड्यावरच केली.

हाताने आकडे घातलेल्या प्रबंधातून पानं गळाली असती तर आकड्यांनीच बोंब मारली असती. संगणक फार सभ्य. त्याने पाचव्याला चौथं केलं, सहाव्याला पाचवं केलं, अनुक्रमणिका सावरून घेतली. आया जणू कधी वॉर्डात पाऊलच टाकून गेल्या नव्हत्या. फक्त शेवटच्या प्रकरणात एके ठिकाणी त्याला आयांच्या प्रकरणाचा आकडा सापडला नव्हता.

तोंडी परीक्षेत बाहेरगावच्या परीक्षकांनी नेमकं त्याच जागी बोट ठेवलं.

“इथे लिहिलंय, ‘प्रकरण’, मग दोन प्रश्नचिन्हं, मग ‘पाहा’. कुठे पाहू, बाई?”

वहिनींनी प्रत हातात घेतली. मागची पानं उलटली, पुढची उलटली. मग पुन्हा मागची. मागच्या रांगेत धाकटा प्रमुख बाईंच्या शेजारी बसला होता. गुडघ्यांवर जोर देऊन तो किंचित उठला, पँटची घडी सारखी केली आणि पुन्हा बसला.

“आयांचं प्रकरण राहिलंय,” वहिनी म्हणाल्या. “तपासायला हवं होतं. चूक माझी.”

“पण सगळा निष्कर्ष तर त्याच्यावरच उभा आहे!”

“हो.”

प्रबंध परत आला. पुढच्या सत्रात नव्याने सादर करा म्हणाले. वहिनींच्या शाळेतली मुख्याध्यापिकेची खुर्ची मात्र याच सत्रात भरायची होती, आणि पदवीवाचून ती मिळणार नव्हती.

परतताना गाडीत धाकट्यालाच राहवलं नाही.

“सॉफ्टवेअरच कच्चं आहे. फाइल मोठी झाली की गाळतं कधी कधी.”

“यंत्रांचं असंच,” दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनींनी त्याला जेवणाच्या टेबलाशी हाक मारली. लॅपटॉपवर मुख्य फाइल उघडी होती.

“हे कोष्टक आडव्या पानावर घेतलं, मावलं बघा. आणि ही खूण पुढे असली की ओळ छापली जात नाही, हो ना?”

धाकट्याने टेबलावरचा एक कण नखाने खरवडला.

“हो.”

“काढली मी.”

“वहिनी, ते मी…”

“गॅस बारीक करा जरा, भाऊजी. दूध वर येतंय.”

तो उठला. गॅस बारीक केला. दूध खाली बसलं तरी तो तिथेच उभा राहिला. मागून कळफलकाचा टकटक आवाज येत होता.

त्याची नेमणूक झाली. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत दुसऱ्या बाई बसल्या. वहिनींनी त्यांना हार घातला. पुढच्या सत्रात वहिनींनी फोल्डर पुन्हा त्याच्याच हाती दिला. “छापून तुम्हीच आणा,” म्हणाल्या.

आपल्या खिडकीच्या खोलीत बसून त्याने या खेपेला ओळ न् ओळ तपासली. आयांचं प्रकरण जागेवर होतं. आभाराच्या फाइलीत शेवटी एक ओळ होती: ‘माझ्या धाकट्या दिरांनी हा प्रबंध एकहाती बांधला, त्यांच्यामुळे माझा एकही शब्द हरवला नाही.’

धाकट्याने उठून दार लावलं. त्या ओळीपुढे टक्क्याची खूण ठेवली आणि पान पुन्हा उतरवलं. ओळ गेली, खालचं वहिनींचं नाव वर सरकलं, कुठे फटही राहिली नाही. वहिनींची आणखी एक ओळ, त्यांना न विचारता.

त्याने खूण पुसून ओळ परत आणली.

त्याला खोली मिळाली, पाटी मिळाली, वर आभारही मिळाले. वहिनींना पदवी मिळाली, खुर्ची गेल्यावर. एक प्रत त्यांनी आपणहून त्याच्या खोलीत आणून ठेवली, विद्यार्थ्यांना नमुना म्हणून. त्या खुणेपायी वहिनींवर पडलेलं देणं एका सत्रात फिटलं. धाकट्याचं अजून चालू आहे. दर नव्या तुकडीत कोणीतरी ती प्रत उघडतं, आभाराच्या पानाशी थांबतं आणि कौतुकाने विचारतं, “सर, हे दीर म्हणजे तुम्हीच ना?”