‘अथांग’चा खरा वेग

शिवणकाकूंचा नवरा मागे एकशे बारा टेप ठेवून गेला आणि त्यांतल्या एकाही टेपमध्ये तो स्वतः औषधालाही नव्हता. फ्रिज होता. लिफ्ट होती. भरत आलेली पाण्याची टाकी तर तब्बल नऊ वेळा होती. चाळीस वर्षं या माणसाने घरघरणाऱ्या यंत्रांपुढे मायक्रोफोन धरला, फितींचे तुकडे कापले, एकमेकांना चिकटवले आणि त्याला संगीत म्हटलं. ऐकायला वर्षाकाठी तीसेक माणसं जमायची. त्यांतली निम्मी डोळे मिटून ऐकायची आणि उरलेली निम्मी खरोखरच झोपायची, असं काकूंचं स्पष्ट मत होतं.

आता एका ध्वनिसंग्रहालयाला हे सगळं हवं होतं. काकू म्हणाल्या, न्या, घर तरी मोकळं होईल. पण आधी एकूण एक टेप मला ऐकवायची. संग्रहालयवाल्यांना गहिवरून आलं. काय ही कलेवरची निष्ठा! निष्ठा कसली कपाळाची. नवरा जाऊन चौदा महिने झाले होते आणि काकूंना त्याचा आवाज आठवेनासा झाला होता. शब्द आठवत होते. ‘चहा गार झाला’ हे आठवत होतं, पण ते कुठल्या आवाजात, हेच निसटत चाललं होतं. फोटो ढीगभर होते, पण फोटो काही बोलत नाहीत, आणि फोन तर तो जन्मात उचलायचा नाही. काकू मनातून पार घाबरल्या होत्या, आणि घाबरल्या की त्या चिडायच्या.

संग्रहालयाने एक तंत्रज्ञ बाई पाठवली. चाळिशीची, शांत, कशाचंही नवल न वाटणारी. तिने आपलं टेपमशीन काकूंच्या बेतायच्या टेबलावर ठेवलं, एका बाजूला न लावलेल्या बाह्या, दुसऱ्या बाजूला कॉलर. रोज सकाळी दहाला दोघी बसायच्या. टेप फिरायची, काकू पँटची टीप घालायच्या आणि बाई तक्त्यात नोंद करायची.

“हा आवाज कसला, काकू?”

“आमचा जुना फ्रिज. बर्फ धरला की असा कण्हायचा.”

“आणि हा?”

“तोच फ्रिज, पण दार उघडं. दूध नासलं होतं त्या दिवशी, आणि हे तिथे फतकल मारून रेकॉर्डिंग करत होते.”

माणसाचा आवाज त्याला वर्ज्य होता. चुकून कुणी बोललं, शिंकलं, तर ब्लेडने तेवढी फीत उडवायची. मग तो कुणी स्वतः असला तरी सुटका नाही. टेपमध्ये त्याचा खोकला सुरू होतोय न होतोय तोच टाकी पुन्हा भरायला लागायची. तेव्हा काकूंची टीप वाकडी जायची. ती उसवता उसवता त्या म्हणायच्या, “मेलं खोकायचं तरी होतं पूर्ण.” असे तीन आठवडे गेले. टेपा संपत आल्या आणि काकूंचा धीरही.

शेवटच्या दिवशी एकच टेप उरली, ‘अथांग’. नवऱ्याची सगळ्यांत नावाजलेली कृती. ती ऐकायला त्याचा पट्टशिष्य मुद्दाम आला. हा प्राध्यापक होता. मूळ फितीवरून ‘अथांग’ची रेकॉर्ड त्यानेच आपल्या घरच्या मशीनवर तयार केली होती आणि तिच्यावर पुस्तक लिहिलं होतं. त्यातली अकरा पानं फक्त बाविसाव्या मिनिटावर होती.

“वहिनी,” तो खुर्चीत डोळे मिटत म्हणाला, “हा पृथ्वीचा श्वास आहे. आणि बाविसाव्या मिनिटाला तिच्या पोटात कळ येते.”

“बरं,” काकू म्हणाल्या. पृथ्वीच्या पोटदुखीत त्यांना काडीचाही रस नव्हता.

बाईने रेकॉर्डशी जुळणाऱ्या वेगाने टेप लावली. खोल, जाडजूड गुरगुर खोलीभर पसरली. वर चढली, थांबली, फुसकन खाली आली. प्राध्यापक मान हलवू लागला. तंत्रज्ञ बाई मात्र भुवया आक्रसून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती.

“मागे भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतंय,” ती म्हणाली. “दोन सेकंदांना एक ठोका पडतोय.”

“आमचं घड्याळ मागे पडायचं,” काकू म्हणाल्या, “पण इतकं नाही.”

“सर, तुमच्या मशीनला वेग किती आहेत?”

“एकच,” प्राध्यापक डोळे न उघडता म्हणाला.

बाईने वेगाचा खटका दुसरीकडे सरकवला आणि टेप पहिल्यापासून लावली. पृथ्वीचा श्वास दुप्पट वेगाने सुरू झाला, आणि तो पृथ्वीचा नव्हता. कुणीतरी घोरत होतं. साधंसुधं नाही, अगदी दणदणीत. मधे शिट्टी, मग क्षणभर शांतता, मग पुन्हा गाडी चालू.

काकू कानापर्यंत लाल झाल्या. हा त्यांच्या संसारातला सगळ्यांत जुना खटला होता. नवरा म्हणायचा, तू घोरतेस. त्या म्हणायच्या, शक्यच नाही. नणंदा, जावा, पाहुणे, सगळ्यांसमोर त्यांनी बेचाळीस वर्षं हा आरोप फेटाळला होता. आणि त्याची रेकॉर्ड निघाली होती! रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकताना हे ठसका लागेपर्यंत हसले होते आणि प्राध्यापकाला म्हणाले होते, “छान झालंय, असंच राहू द्या.” मेल्यानंतर का होईना, बाजी मारली म्हणायची.

“बंद करू?” बाईने विचारलं.

“राहू दे,” काकू म्हणाल्या. “कळ कुठे येते ते बघू.”

अकराव्या मिनिटाला पलंग करकरला आणि अगदी जवळून एक आवाज आला. जरा घोगरा, शब्दांच्या शेवटी बसणारा. “अगं, कूस बदल जरा.” घोरणं थांबलं. “हं. झोप, झोप. सकाळी म्हणशील, मी घोरतच नाही.” मग एक बारीकसं हसू आलं आणि घोरणं पुन्हा सुरू झालं.

हे त्याने कापलं नव्हतं.

काकूंच्या हातातली पँट खाली पडली. त्यांना हुंदका आला आणि त्यांनी तो आवरला नाही. “हाच,” त्या म्हणाल्या. “हाच आवाज. पुन्हा लाव.”

“काकू, फीत झडतेय,” बाईने मशीनवर पडलेली तपकिरी भुकटी बोटावर घेऊन दाखवली. “अजून एकदा वाजेल, फार तर दोनदा. ती संग्रहालयात प्रत काढताना वाजू दे. पण एकदा तिथे गेली की तक्त्यात खरा आवाज लिहावा लागेल, आणि कुणीही येऊन ऐकू शकेल.”

प्राध्यापकाला आता कंठ फुटला. “वहिनी, मधला मार्ग आहे. तेवढा बोलण्याचा तुकडा कापून तुम्ही ठेवा. बाकी ‘अथांग’ जुन्याच वेगाने राहू दे. कुणाला काही कळणार नाही. तुमचीही अब्रू राहील.”

सोय दोघांचीही होती. काकूंनी खरंच विचार केला. नणंदेचा चेहरा डोळ्यांपुढे आणला. ती जिवंत होती आणि तिला इंटरनेट येत होतं. आणि तरीही सगळी फीत कापत सुटलेल्या माणसाने एवढंच ठेवलं होतं, दोघांचं एकत्र. ते आता आपण कापायचं?

“काही कापायचं नाही,” त्या म्हणाल्या. “खऱ्या वेगाने सगळं जाऊ दे.”

“आणि माझी अकरा पानं?”

“बारावं लिहा.”

त्यांनी बाईच्या हातातून तक्ता ओढून घेतला. ‘आवाज कसला’ या रकान्यात लिहिलं : घोरणं, व त्यावर नवऱ्याची तक्रार. मग ‘कलाकार’ या रकान्याशी जरा थबकून विचारलं, “हे किती वेळ बोलले गं?”

“सात सेकंद.”

“आणि मी?”

“जवळजवळ तेवीस मिनिटं.”

काकूंनी डोळे पुसले, रकान्यात आधी स्वतःचं नाव लिहिलं आणि त्याच्याखाली त्याचं.