शिमग्यातली पटतपासणी

मरोळच्या चाळींमागे एक बैठी सरकारी शाळा होती. तिचं मैदान ऐसपैस, आणि त्यावर एका बिल्डरचा डोळा, हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. मृणालिनीबाई तरी रोज अकराला हजेरी घेत. पटावर त्रेपन्न मुलं, बहुतेक रत्नागिरीकडची. गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्या बापांनी मिळेल ते काम धरलेलं.

सत्याऐंशीच्या मार्चात वरच्या कचेरीचं पत्र आलं. होळीनंतरच्या बुधवारी पटतपासणी. चाळीसपेक्षा कमी मुलं दिसली तर शाळा बंद, जागा मोकळी. ऐन शिमग्यात सगळी कोकणी बिऱ्हाडं गावी असतात. ही तारीख कुणी काढली, ते सांगायला ज्योतिषी नको!

बाई दारोदार फिरल्या. चौथीतल्या मालनचा बाप गुणाजी वॉचमन होता. तो पिशव्या बांधत होता.

“गुणाजी, बुधवारपर्यंत थांबा हो. निदान पोरीला तरी ठेवून जा.”

“बाई, पालखी वर्सातून एकदाच दारात येते. देवाला काय सांगू, पोरीला रजा न्हाय म्हनून? आन् सरकारी शाळा कुठं पळून जाते?”

दर दारी हेच उत्तर. बाईंना रागावताही येईना. दर शिमग्याला त्यांनीच तर हसत रजा दिली होती.

बुधवारी वर्गात अकरा मुलं होती. तपासनीस वर्गात पाच मिनिटं थांबला आणि मैदानात अर्धा तास. “सणाचे दिवस, कळतं हो मला,” तो म्हणाला, “पण दिसेल तेच लिहावं लागतं.” आकडा खरा होता. बाईंनी सही केली.

गुणाजी गावाहून परतला तेव्हा शाळेच्या दाराला कुलूप होतं. दुसरी शाळा हायवेपलीकडे.

“एवढ्या गाड्यांतून पोर कशी धाडू? राहू दे घरात. आमचंच चुकलं, बाई.”

बाईंच्या मनात आलं, देवाला भेटायला गेलेल्यांचं काय चुकलं? त्यांचा सण हेरून बसलेले मात्र उजळ माथ्याने हिंडत होते.

शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर कारण लिहायचं होतं. ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं लिहा, हा वरचा हुकूम. बाईंनी मालनच्या दाखल्यावर लिहिलं, ‘शाळेची जागा बिल्डरला हवी होती.’ मग उरलेल्या बावन्नांवरही तेच. कचेरीने गठ्ठा परत पाठवला, नोकरीची धमकी दिली. बाईंनी एक अक्षर बदललं नाही.

मालनने आपला दाखला मोठ्याने वाचला. छान वाचायची पोर.

“बाई, हा आता कुठल्या शाळेत दाखवायचा?”

बाईंनी तिला जवळ ओढलं आणि त्या रडल्या.  वाचकहो, तुमच्याजवळ याचं उत्तर आहे?