संशयी मार्लिसची डॉक्टरेट

मार्लिस ताकही फुंकून पिणारी बाई होती, तेही दुधाने कधी तोंड न पोळता. नेब्रास्काच्या ऐन थंडीत नर्सिंग प्रमुख जोनेलने वॉर्डातल्या सगळ्यांसाठी घरून राजम्याची चिली, म्हणजे तिखट घट्ट रस्सा, आणि तिच्यात बुडवून खायला दालचिनीचे रोल करून आणले. बाकीच्या नर्सेस तुटून पडल्या. मार्लिस मात्र वाडगा हातात धरून विचार करत बसली, की हिला माझ्याकडून नक्की काय हवंय.

हवं होतंच. मार्लिसने डॉक्टरेट करावी, आणि ती संशोधनाची नव्हे, प्रत्यक्ष कामाची करावी, असं जोनेलचं म्हणणं. नर्सिंगमध्ये हे दोन रस्ते आहेत. एकात ठाऊक असलेलं शहाणपण वॉर्डात रुजवायचं, दुसऱ्यात ठाऊक नसलेलं शोधायचं. कामाच्या डॉक्टरेटची फी हॉस्पिटल भरणार होतं. आयजीच्या जिवावर बायजी उदार, मार्लिस मनात म्हणाली. शिवाय प्रकल्पाचा विषयही जोनेलने आधीच ठरवून ठेवला होता: सगळ्या वॉर्डांत बेड अलार्म. पेशंटखाली पातळ पॅड घालायचं. तो उठू लागला की अलार्म वाजतो, नर्स धावत येते, पेशंट पडत नाही.

मार्लिसच्या वॉर्डात अलार्म आल्यापासून पडणं खरंच कमी झालं होतं. पण तिच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. आपल्या पायांनी चालत आलेली माणसं हल्ली चाकाच्या खुर्चीतून घरी जात. घरी गेल्यावर ती पुन्हा चालतात का? प्रकल्पात त्यांची चौकशी करता येईल का, असं तिने जोनेलला विचारलं. जोनेलने रोलचा तुकडा चिलीत बुडवला आणि म्हणाली, ते संशोधन झालं, आपल्या प्रकल्पात बसत नाही. अलार्म निवडले होते जोनेलनेच. पाणी कुठेतरी मुरतंय, अशी मार्लिसची खात्रीच पटली.

दुसरा रस्ता तरी सरळ म्हणावा, तर तिथे डॉक्टर रास्क होत्या. विद्यापीठातल्या या प्राध्यापकबाई मार्लिसचा प्रश्न ऐकून एवढ्या खूश झाल्या की स्वतः वॉर्ड बघायला आल्या, आणि दारातच म्हणाल्या, "आज अगदी शांत आहे हो तुमच्याकडे." सगळ्या नर्सेसच्या माना वर झाल्या. वॉर्डात ‘शांत’ हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही; काढला की संकटं रांग लावून येतात, हे नव्या पोरींनाही पहिल्या आठवड्यात कळतं. या बाईने पेशंटला शेवटचा हात कधी लावला असेल? आणि माझ्या प्रश्नावर ही स्वतःचं नाव टाकणार नाही कशावरून? मार्लिसने आडून विचारलं, याचं उत्तर मिळून एखादा पेशंट चालू लागेपर्यंत किती दिवस जातील. रास्क म्हणाल्या, वर्षं जातील, कदाचित तोवर तुम्ही निवृत्तही झालेल्या असाल. मार्लिसला हेही खटकलं. गळाला लावायला आलेलं माणूस इतकं खरं कशाला बोलेल?

दोघींवरही भरवसा नाही म्हटल्यावर तिने स्वतःच बघायचं ठरवलं. रविवारी चर्चनंतर ती विलार्डच्या घरी गेली. विलार्डने जन्मभर गावात पायी टपाल वाटलेलं. हिवाळ्याच्या तोंडाशी न्यूमोनिया होऊन तो वॉर्डात आला होता आणि मार्लिसच्याच देखरेखीखाली बरा झाला होता.

तो खिडकीशी खुर्चीत बसला होता. तिला बघून उठायला गेला, खालून अलार्म किंचाळला, आणि कुणी काही म्हणायच्या आत तो मुकाट्याने परत बसला.

त्याची बायको ऑर्फा हात पुसत बाहेर आली. "घरी सोडताना तूच म्हणालीस ना, एकट्याने उठू देऊ नका म्हणून? मी लगेच मागवला बघ, तुमच्याकडच्यासारखाच. एकदासुद्धा पडला नाही हा."

जोनेल, रास्क, हॉस्पिटल, सगळ्यांचा संशय घेऊन झाला होता. स्वतःचा तेवढा राहिला होता. तिला लाज वाटली. तिने अलार्म बंद केला आणि विलार्डच्या काखेत हात घातला. "चला विलार्ड, कॉफी आत आहे." तिच्यावर भार टाकत, थरथरत तो स्वयंपाकघरातल्या टेबलापर्यंत गेला आणि तिथल्या खुर्चीत बसून खुशीत हसला.

ऑर्फा हसली नाही. "उद्या तू नसशील," ती म्हणाली. "पडला तर माझ्याच्याने उचलवायचा नाही. अलार्म काढू की ठेवू, तेवढं सांग."

वीस वर्षं मार्लिसने असल्या प्रश्नांना तडकाफडकी उत्तरं दिली होती. जोनेलच्या रस्त्याने जायचं तर उत्तर आधी कुणीतरी शोधलेलं असावं लागतं. इथे उत्तर नव्हतंच.

"मला माहीत नाही, ऑर्फा. तेच शोधायला शिकणार आहे मी आता."

"मग कधी सांगशील?"

"वर्षं लागतील."

ऑर्फाने समजल्यासारखी मान हलवली. मग बाहेरच्या खोलीत जाऊन तिने खुर्चीतलं ते अलार्मचं पॅड उचलून आणलं, विलार्डला जरा पुढे सरकायला सांगितलं आणि ते त्याच्याखाली घातलं. मार्लिसला तिला अडवता आलं नाही.